खाटेचं माप

५ जानेवारी, सोमवार

मुलानं काल ही डायरी दिली. त्याच्या कंपनीनं वाटलेली आहे. कंपनी पूल बांधते, म्हणून पहिल्या पानावर पूल आणि प्रत्येक पानाखाली कामगारांसाठी एक सूचना. आजची सूचना: ‘डोक्यावर टोप घातल्याशिवाय कामाला हात लावू नये.’ मी तशीच लिहायला बसले आहे.

दारात बूट घालता घालता तो म्हणाला, "आई, तिच्याकडे जरा लक्ष ठेव."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नकोस. पुरस्कारांचे दिवस आहेत, माणसं येतात-जातात, डोक्यात हवा शिरते. कोण येतं, ती कुठे जाते, एवढं बघत जा. विसरशील म्हणून डायरी आणली."

ती म्हणजे माझी सून. नटी आहे. गेल्या वर्षीच्या सिनेमासाठी उत्तम अभिनेत्रीच्या पाच नावांत तिचं नाव आलंय. निकाल ७ फेब्रुवारीला. मुलगा पुलाच्या कामावर लांब असतो, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घरात आम्ही तिघी: मी, सून आणि आठ वर्षांची नात, बिट्टी. घर कंपनीचं, मुलाच्या नोकरीबरोबर आलेलं.

तो गेल्यावर पलंगाखाली त्याच्या निळ्या शर्टाचं बटण सापडलं, वरून दुसरं. शर्ट त्याच्या पिशवीत गेला. बटण मी सुयांच्या डबीत ठेवलं, पुढच्या खेपेला लावीन.

६ जानेवारी, मंगळवार

लक्ष ठेवायला मला वेगळं शिकावं लागणार नाही. माझा स्वभावच तसा, आणि त्याला कारण माझं वाचन.

मी शाळेत दोन वर्षं गेले, तीही धड नाही. हे छापखान्यात होते. एका बाजूनंच छापलेले, वाया गेलेले कागद घरी आणायचे, चूल पेटवायला. मी ते पेटवण्याआधी वाचायला लागले. अशा मोठ्या कागदावर पानं ओळीनं नसतात. एका बाजूला एक, चार, पाच, आठ. दोन आणि तीन पलीकडच्या बाजूला, जी छापलेलीच नाही. मी एकावरून थेट चारावर जायची आणि मधलं मनानं भरायची. पुढे ग्रंथालयातून पुरती पुस्तकं आणून वाचली, पण खोड गेली नाही. कुणी काही सांगितलं की मला आधी वाटतं, न छापलेलं पान कुठाय?

ह्यांना जाऊन मार्चमध्ये चार वर्षं होतील.

सुनेला नवीन नाटक मिळालंय. त्यात ती साक्षीदार. पडदा उघडतो तेव्हा पिंजऱ्यात उभी, पडतो तेव्हाही तिथेच. पावणेदोन तास, पाणी प्यायलाही विंगेत जाता येत नाही. नवऱ्याला वाचवायला ती खोटं बोलत राहते आणि वकील तिला उलटंसुलटं विचारत राहतो. तिला नुसतं वाचून पाठ होत नाही, हातांना काम लागतं. म्हणून दुपारी माझ्या खोलीत ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आणि मी समोर बसून वकिलाचे प्रश्न वाचते. कपड्यांचा ढीग ह्यांच्या खाटेवर. दोन खाटा अजून जोडूनच आहेत. दुपारी तरी ह्यांच्या खाटेवर कशाचंतरी वजन असतं.

आमच्या घरात घडी एकाच तऱ्हेची. निम्म्यात, पुन्हा निम्म्यात, पुन्हा निम्म्यात, छापखान्यात कागद दुमडतात तशी. ह्यांनी मला शिकवली, मी मुलाला, नंतर सुनेला.

"आई, तुम्ही वकील फार चांगला करता," ती आज म्हणाली. "मला खरंच घाम फुटतो."

मी म्हटलं, "खोटं बोलणाऱ्याला फुटायचाच."

९ जानेवारी, शुक्रवार

मफलर आला होता. म्हणजे तिच्या नाटकाचा दिग्दर्शक. उकडत असलं तरी गळ्यात मफलर असतो, म्हणून बिट्टीनं ते नाव ठेवलंय. तालमीनंतर रोज तोच तिला गाडीतून सोडतो. आज वर आला, चहा घेतला, आणि माझ्या खोलीच्या दारात उभा राहून खाटांकडे, खिडकीकडे, कपाटाकडे बघत राहिला.

"आजी, तुम्हाला सकाळचं ऊन लागतं का हो खोलीत?"

"लागतं. का?"

"सहज."

सहज कुणी दुसऱ्याच्या सासूचं ऊन विचारत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी बैठकीत मुलाखत झाली. दोन माणसं, एक कॅमेरा, एक मुलगी प्रश्न विचारायला. त्या मुलीनं आमच्या खुर्चीवरचा अभ्रा बदलायला लावला. मी आतून ऐकत होते.

पुरस्कारांबद्दल सून बरं बोलली. म्हणाली, "नाव आल्यापासून फोन इतके येतात की बक्षीस नाही मिळालं तर लोकांना माझं सांत्वन करता यावं म्हणूनच ते आधी ओळख काढताहेत असं वाटतं." ती मुलगी हसली. मलाही हसू आलं.

मग घरच्यांचं विचारलं.

"माझा नवरा कितीही दमून आला तरी सकाळचा चहा तोच करतो," ती म्हणाली. "पाठांतराला सासूबाई बसतात. ही दोन माणसं नसती तर मी या भूमिकेला हो म्हटलं नसतं."

माझं खरं आहे. चहाचं साफ खोटं. तो घरी असला तरी चहा मीच करते, आणि तो महिन्यातून चार दिवस घरी असतो. इतक्या गोड तोंडानं, एकदाही न अडखळता! पिंजऱ्यात उभी राहून सराव झालाय तो असा.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिच्या पर्समधून बिट्टीसाठी सुटे पैसे काढताना किल्ली दिसली. पितळी, जुन्या तऱ्हेची, लाल दोऱ्यात ओवलेली. आमच्या घरात असलं कुलूप नाही.

मी विचारलं नाही. किल्ली होती तशी ठेवली, दोरा वर करून.

१८ जानेवारी, रविवार

मुलगा काल आला, आज गेला. जरा जाड झालाय. पुलावर आता जेवण बरं मिळतं म्हणाला. त्याची पिशवी मी उपसली तर सगळे शर्ट धुतलेले, इस्त्री केलेले, बाह्या पाठीमागे वळवून दुकानातल्यासारख्या घड्या. आमची घडी नव्हे.

"धोबी मिळाला वाटतं तिकडे?"

"हो ना," तो म्हणाला. "तुझी दगदग वाचली."

निळा शर्ट नव्हता, तिकडेच राहिला. बटण डबीतच.

सुनेशी तो फारसा बोलला नाही. तीही नाही. तिनं जेवणाचं पान त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः बिट्टीचा अभ्यास घेत बसली. नवरा पंधरा दिवसांनी घरी येतो आणि ही पाढे म्हणवून घेते! मधलं पान मी मनानं भरलं ते भरलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज मी भाजी घेऊन परत आले तर सून माझ्या खोलीत गुडघ्यांवर बसलेली, हातात माप घ्यायची पट्टी. माझ्या खाटेचं माप घेत होती. मला बघून दचकली.

"काय करतेस?"

"चादर आणायची म्हणतेय."

चादरीला उंची कशाला लागते? ती खाटेची उंचीसुद्धा मोजत होती. कागदावर आकडे लिहिलेले मी पाहिले.

मग दुपारी घड्या घालता घालता, वकिलाच्या दोन प्रश्नांच्या मध्ये म्हणते, "आई, जिने किती चढवतात हो तुम्हाला? म्हणजे न थांबता?"

"चढायची वेळ आली तर चढेन."

"नाही, पण किती पायऱ्या?"

"पंधरा," मी म्हटलं. पंधरा मी चढते, पण शेवटच्या चार कठड्याला धरून. ते तिला सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या जागा असतात, तिथे प्रवेश देण्याआधी असंच विचारतात. ग्रंथालयातल्या बाईंच्या जावेला नेलं तेव्हा आधी खाट गेली, मागून ती.

२२ जानेवारी, गुरुवार

सून स्वयंपाकघरात पाठ करून फोनवर बोलत होती. मी बाहेर बिट्टीची वेणी घालत होते. पाणी चालू ठेवलं होतं तिनं, तरी ऐकू आलं.

"नाही. त्यांना मी नाही सांगणार. तू सांग. … तूच सांगायचं. माझ्या तोंडून त्यांनी का ऐकावं? … सात तारखेपर्यंत मी थांबते, त्यानंतर नाही."

मला आधी वाटलं, पाठांतर चाललंय. नाटकात नवऱ्याला ती असंच काहीबाही म्हणत असेल. म्हणून ती बाहेर गेल्यावर संहिता पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचली. हे वाक्य त्यात कुठेही नाही.

मग ती बोलत होती कुणाशी? "त्यांना" म्हणजे मला, हे तर उघड आहे. आणि मफलरला ती आमच्यासमोर "तुम्ही" म्हणते, "सर" म्हणते. फोनवर "तू" होतं. माणसं नसली की माणूस खरं बोलतो.

आजच्या पानाखालची सूचना: ‘भेग दिसल्यास ताबडतोब वरिष्ठांना कळवावे.’

२५ जानेवारी, रविवार

मुलाचा फोन दर रविवारी संध्याकाळी येतो. आज मी सांगितलं. किल्लीचं सांगितलं, मफलर खोली बघून गेला ते सांगितलं, फोनचं सांगितलं. माप घेतल्याचं सांगितलं नाही. ते सांगायची लाज वाटली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "किल्ली? बघितलंस ना आई. मी म्हणत नव्हतो?"

त्याच्या आवाजात मला राग अपेक्षित होता. तो सुटल्यासारखा बोलला. माझ्याच कानांचा दोष असेल. कुणाचं घर मोडत असताना आवाज कसा असावा, हे मला काय ठाऊक? ह्यांचा आणि माझा संसार एकदाच मोडला, आणि तो आवाज न करता.

२६ जानेवारी, सोमवार

सुनेचे डोळे सुजलेत. बिट्टीला म्हणाली, कांदा चिरत होते. आज घरात कांदा चिरलेला नाही, मीच स्वयंपाक केला.

चोरी पकडली गेली की असंच होतं, असं मी इथे लिहिणार होते. लिहिलं. पण दुपारी तिनं माझ्या साड्यांच्या घड्या नेहमीसारख्याच काठाला काठ जुळवून घातल्या, आणि मला वकिलाचा आवाज काढवेना.

२९ जानेवारी, गुरुवार

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली, जशीच्या तशी लिहून ठेवते.

आम्ही पान सत्तावीसवर होतो. वकील विचारतो, "त्या दिवशी तुमचे पती घरी होते, हे तुम्ही शपथेवर सांगता?" मी वाचलं. तिनं उत्तर द्यायचं: "होते. मी त्यांना चहा दिला."

तिच्या हातात बिट्टीचा फ्रॉक, अर्धी घडी घातलेला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि समजा नव्हते, तर? समजा तुम्हाला कळलं, की घर मोडणारी मी नाही. तर तुम्ही कुणाच्या बाजूनं उभ्या राहाल?"

मी पान उलटलं. मागचं बघितलं, पुढचं बघितलं. म्हटलं, "हे कुठलं पान गं? मफलरनं नवीन दिलं की काय? मला दिलं नाहीस. आणि साक्षीदार वकिलाला कसे प्रश्न विचारेल?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली.

"चुकलंच माझं. सत्तावीस. परत विचारा."

मी परत विचारलं. "होते," ती म्हणाली. "मी त्यांना चहा दिला."

इतकं चांगलं तिनं ते आजवर म्हटलं नव्हतं. मी तसं सांगितलंसुद्धा.

७ फेब्रुवारी, शनिवार

आत्ताच घरी आलो. बिट्टी गाडीतच झोपली. लिहून टाकते, नाहीतर मला झोप लागणार नाही.

आयोजकांनी घरच्यांसाठी तीन खुर्च्या ठेवल्या होत्या, सुनेच्या मागच्या रांगेत. नावं वाचताना कॅमेरा घरच्यांवर येतो, म्हणून सगळ्यांनी यायचं असा निरोप होता. मुलगा थेट सभागृहातच आला. माझ्या शेजारी बसला. कोटाच्या आत निळा शर्ट.

पाच नावं वाचली. कॅमेरा आमच्यावर आला तसा मुलगा हसला आणि पुढे वाकून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलला नाही. मग दुसरीचं नाव पुकारलं. कॅमेरा पळाला, हात उचलला गेला, आणि त्यानं घड्याळ पाहिलं.

सून टाळ्या वाजवत उभी राहिली. इतकी मनापासून हसत होती, की बक्षीस त्या हसण्यालाच द्यायला हवं होतं. पलीकडून मफलर म्हणाला, "बाई, परीक्षकांना चष्मे देऊ आपण." ती म्हणाली, "नको हो सर. मग त्यांना तुमचं नाटकही दिसेल." ती त्याच्याशी जशी बोलते तशीच बोलली. "सर", "तुमचं". मी कान देऊन ऐकलं.

आणि मग माझी नजर शेजारी गेली. निळा शर्ट, वरून दुसरं बटण. जागेवर होतं. रंगाला किंचित गडद, पण शोधून आणलेलं. धागा चौकटीत फुली घालून ओवलेला, खाली दोन वेढे दिलेले. निगुतीनं लावलेलं बटण. खरं बटण माझ्या डबीत आहे.

मी आयुष्यभर कपडे धुतले आणि धुवायला दिले. धोबी बटणं तोडतो. लावत नाही.

बाहेर गाड्यांपाशी त्यानं बिट्टीचा पापा घेतला. "बाबा, आज राहणार?" तिनं विचारलं. "काम आहे गं राणी. पहाटे पुलावर पोचायचंय."

मी म्हटलं, "बटण कुणी लावलं?"

"कुठलं बटण?" तो म्हणाला. आणि त्याचा हात बरोबर त्याच बटणावर गेला.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा झाल्यावर ही डायरी पहिल्यापासून वाचली. बोट ठेवून.

एक, चार, पाच, आठ. दोन आणि तीन मी भरली होती, आणि भरायच्या आधीच चोर कोण ते ठरवून बसले होते. ती फोनवर ज्याला "तू" म्हणत होती, त्याला ती लग्नाच्या आधीपासून "तू" म्हणते. माझ्यासमोर, नेहमी. मला तो सुचलाच नाही. कालचं सोडून मोजून अकरा पानं लिहिली, आणि त्यात माझा मुलगा फक्त पाहुण्यासारखा येऊन जातो.

पंचवीस तारखेचं पान दोनदा वाचलं. मी सांगितलेल्या किल्लीमुळे तिला काय काय ऐकावं लागलं असेल, ते लिहिवत नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काय म्हणतेय ती? रडली का?"

"नाही."

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. तू मला कधी सांगणार आहेस?"

 मग म्हणाला, "तिनं सांगितलं वाटतं तुला."

"नाही रे. तिनं नाही सांगितलं. तेच तर मला बोचतंय."

"आई, हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आलो की नीट बोलू."

"ये," मी म्हटलं. "पण मला आता लक्ष ठेवायला सांगू नकोस."

तो माझा मुलगा आहे. त्याला ताप आला की हे छापखान्यातून दुपारीच घरी यायचे. घडी त्यालाही येते, लहानपणी माझ्यापेक्षा सुबक घालायचा. हे वाक्य लिहून मी त्या ओळीकडे नुसती बघत बसले आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

बक्षीस नाही मिळालं तर एक बरं असतं: फोन वाजत नाही. दुपारी आम्ही नेहमीसारख्या बसलो. ह्यांच्या खाटेवर कपडे, माझ्या खाटेवर मी, हातात संहिता. पंधरा दिवसांवर प्रयोग आलाय.

"सत्तावीसपासून घेऊ," ती म्हणाली. "तिथेच मी अडखळते."

मी सत्तावीस उघडलं. वाचलं नाही. म्हटलं, "तुझ्या."

"काय?"

"तुझ्या बाजूनं."

ती बिट्टीचा मोजा उलटा करत होती. तो तसाच अर्धा उलटा राहिला. ती म्हणाली, "आई, हे त्यात नाही."

"माहीत आहे मला."

मला वाटलं आता रडेल, आणि मग मला काय करायचं ते कळणार नाही. पण तिनं मोजा सरळ केला, दुसरा शोधला, दोन्हींचा गोळा केला.

"त्यानं सांगितलं?"

"बटणानं," मी म्हटलं. "आणि किल्लीचं त्याला मीच सांगितलं होतं. ते तुला ठाऊक असेलच."

"आहे." ती म्हणाली, "मलाही तुमचा राग आला होता. दोन दिवस तुमच्या दुपारच्या चहात साखर कमी घातली."

"तरीच! मला वाटलं साखर संपत आली."

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंड माझ्या धुतलेल्या साडीत लपवलं. साडी पुन्हा वाळत घालावी लागली.

मग ती बोलली. कंपनीचं घर त्याच्या नोकरीचं, ते त्याच्याकडेच राहील. मफलरच्या बहिणीच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. जुनं कुलूप, पितळी किल्ली. दोन खोल्या, एक लहान, एक जरा मोठी. सकाळचं ऊन मोठीत येतं. बिट्टीची शाळा चालत दहा मिनिटांवर. "तुम्ही मुलाकडे राहणार म्हणालात तर मी समजून घेईन," ती म्हणाली. "तुमचा हक्क आहे तो. म्हणून आधी विचारलं नव्हतं. पण माप घेऊन ठेवलं होतं."

मी ह्यांच्या खाटेकडे बघितलं. मनाशी सकाळीच ठरवलं होतं, पण तोंडानं म्हणणं वेगळं असतं.

"मग एकच खाट ने," मी म्हटलं. "मला एकाच बाजूला झोपायची सवय आहे. दुसरी काय, नुसती कपडे ठेवायला लागते. कशाला जागा अडवायची?"

ती उठली, पर्समधून तो आकड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. माझं बोट आपोआप ओळीखाली गेलं. लांबी होती, उंची होती, खिडकीच्या कट्ट्यापर्यंतचं अंतर होतं. रुंदीचा आकडा एका खाटेचा नव्हता.

"मोठी खोली तुमची," ती म्हणाली. "दोन्ही मावतात. जोडूनच. मी दोनदा मोजलंय."

मी कागदाची घडी घातली. निम्म्यात, निम्म्यात, निम्म्यात.

"आणि पायऱ्या?"

"अकरा."

"अकरा मी न धरता चढते," मी म्हटलं, आणि सत्तावीसव्या पानावरचा प्रश्न वाचायला घेतला.